नाण्यावरची वेस

परगावच्या माणसाने सोलापुरात रिक्षावाल्याला ‘विजापूर वेशीत सोडा’ म्हटले, की तो बरोबर तिथे नेऊन सोडतो. खाली उतरल्यावर मात्र त्या माणसाला वेस सापडत नाही. दुकाने सापडतात, फळांच्या हातगाड्या सापडतात, रमजानात मध्यरात्र उलटेपर्यंत हलत नाही अशी गर्दी सापडते. वेस तेवढी नाही. तुळजापूर वेस, बाळीवेस, कुंभार वेस, सगळीकडे हेच. एके काळी या शहराला तट होता. एकोणिसाव्या शतकात वाढत्या वस्तीला जागा हवी म्हणून तो पाडत नेला. दगड कुठल्या कुठल्या पायांत गेले, वेशींची नावे लोकांच्या तोंडी राहिली. उरला तो भुईकोट किल्ला आणि त्याच्या पायाशी सिद्धेश्वर तलावाचे पाणी.

नसलेल्या वेशींच्या गावात वाढल्यामुळे असेल, पण गेली बावीस वर्षे मी वेशी, दरवाजे आणि तट असलेली नाणी जमवतो. संग्रह म्हणावा एवढा तो मोठा नाही. सगळी मिळून एकतीस नाणी. त्यातली बरीचशी रोमन, तांब्याची, करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी. उरलेली निजामाच्या हैदराबादची, चांदीची. जमवणारे मला विचारतात, रोमन आणि निजामी एकाच डबीत कशाला ठेवता? त्याचे उत्तर द्यायला हा लेख.

दादीचा रुपया

सुरुवात एका रुपयाने झाली. तो दादीचा. तिच्या पेटीत, कापराच्या वड्यांसोबत, एका चिंधीत बांधलेला असे. मी लहान असताना ती तो ईदच्या दिवशी बाहेर काढायची, पदराने पुसायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. एकदा मी विचारले, हा चालतो का? ती म्हणाली, “चलता नहीं रे, पन मोडना नको. हाली है.”

हाली म्हणजे काय ते मला तेव्हा कळले नाही. पुढे कळले. ‘हाल’ म्हणजे वर्तमान. हाली सिक्का म्हणजे सध्याचे, चालू नाणे. बंद पडलेल्या नाण्याचे नावच ‘चालू’ होते.

रुपयावर चारमिनार आहे. चार मनोऱ्यांपैकी समोरचे दोन ठळक दिसतात, मधे मोठी कमान, आणि कमानीच्या पोकळीत एक अक्षर: ऐन. उस्मानमधला ऐन. सातवे निजाम मीर उस्मान अली खान 1911 साली गादीवर आले, तेव्हापासून हे अक्षर दरवाजात बसले. त्याआधी त्यांच्या वडिलांच्या, मीर महबूब अली खानांच्या नाण्यांवर त्याच जागी मीम होता. चारमिनारचे हे चित्र यंत्रावर पाडलेल्या रुपयांवर हिजरी 1321, म्हणजे 1903-04च्या सुमारास आले. दादीच्या रुपयावर हिजरी सनाचे 133 एवढे तीन आकडे वाचता येतात. चौथा झिजला आहे. म्हणजे तो 1911 ते 1921 या दहा वर्षांतला.

हा रुपया माझ्या हातात आला तो दादी गेल्यावर. त्यानंतर कित्येक दिवस मला एकच प्रश्न पडत होता. बादशहाचे तोंड सोडून, शेर सोडून, फूल सोडून कुणी नाण्यावर दरवाजा का काढावा? हा प्रश्न घेऊन मी पुण्यातल्या एका नाणे-प्रदर्शनात गेलो, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याने काही न बोलता एक काळपट रोमन नाणे माझ्या तळहातावर ठेवले.

कॉन्स्टंटाइनचा दरवाजा

त्या नाण्याच्या एका बाजूला सम्राट कॉन्स्टंटाइनचा चेहरा आहे. त्याने इ.स. 306 ते 337 राज्य केले. दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेले दगडांचे थर, मधे कमानीचा दरवाजा, वर दोन बुरूज आणि त्या दोघांच्या मधे एक चांदणी. वजन जेमतेम तीन ग्रॅम. घडवले तेव्हा यावर चांदीचा पातळ मुलामा होता. आता त्याचा मागमूसही नाही. जगभरचे संग्राहक या प्रकाराला ‘छावणीचा दरवाजा’ म्हणतात. हे सैन्याच्या छावणीचे द्वार आहे, की सरहद्दीवरचा टेहळणीचा बुरूज आहे, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. वरचे ते दोन उंचवटे बुरूज नसून इशाऱ्याचा जाळ पेटवायच्या शेगड्या आहेत, असेही एक मत आहे.

चित्राबद्दल वाद असला तरी कडेने लिहिलेल्या शब्दांबद्दल नाही. ‘प्रॉव्हिडेन्शिए ऑगस्टोरम’: सम्राटांची दूरदृष्टी. म्हणजे, आम्ही पुढचे ओळखून सरहद्द बांधून काढली आहे, तुम्ही निर्धास्त झोपा. हे आश्वासन बाजारात भाजी घेणाऱ्या, शिपायाच्या पगारात मिळणाऱ्या, सगळ्यात हलक्या तांब्याच्या नाण्यावर होते. सोन्याचे नाणे मूठभरांच्या हाती जायचे. तांब्याचे नाणे सगळ्यांच्या हाती जायचे. वर्तमानपत्र नव्हते तेव्हा सरकारची जाहिरात करायला याहून चांगले साधन नव्हते.

यातली एक गंमत मला फार आवडते. नाण्यावर ‘सम्राटांची’ हे अनेकवचन दोन ‘जी’ अक्षरांनी दाखवलेले असते, कारण सुरुवातीला सम्राट दोन होते, पश्चिमेला कॉन्स्टंटाइन आणि पूर्वेला लिसिनियस. इ.स. 324 मध्ये कॉन्स्टंटाइनने लिसिनियसला हरवले, पुढे संपवले, आणि तो एकटा उरला. तरी टांकसाळीतला दुसरा ‘जी’ तसाच राहिला. सम्राट एक, दूरदृष्टी दोघांची.

त्याच्या मुलांच्या नावानेही हाच दरवाजा निघाला. तिथे शब्द बदलले: ‘युवराजांची दूरदृष्टी’. माझ्याकडे थोरल्या मुलाचे, क्रिस्पसचे, असे एक नाणे आहे. चेहरा तरुण, नाक सरळ, डोक्यावर लॉरेलच्या पानांची माळ. 326 साली बापानेच त्याला ठार करवले. ज्याच्या दूरदृष्टीचा दाखला देत तो दरवाजा घरोघर फिरत होता, त्या युवराजाला स्वतःच्या घरातला धोका दिसला नव्हता.

दगडांचे थर मोजणारी माणसे

हा छंद महाग नाही. कॉन्स्टंटाइनच्या काळात साम्राज्याच्या अनेक टांकसाळींतून ही नाणी अमाप पडली. म्हणून झिजलेले नाणे आजही साध्या पगारदाराला परवडते, आणि जे मुबलक आहे त्याची नक्कलही कमी होते. तरी सावध राहावे लागते. ओतीव नक्कल कडेला हात फिरवला की कळते. साच्याच्या जोडाची बारीक रेघ बोटाला लागते. जमिनीत सापडले म्हणून कुणी नाणे दाखवले तर मी घेत नाही. आपल्याकडे 1878 पासून दफिन्याचा कायदा आहे. भूमीत सापडलेला ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. कुठे आणि कशासोबत सापडले हे हरवले, की नाण्याची अर्धी गोष्ट हरवते.

हौशी लोक या नाण्यावर काय काय पाहतात ते सांगितले तर हसू येईल. दगडांचे थर किती? बुरूज दोन की तीन? चांदणी आहे की नाही? खाली टांकसाळीची अक्षरे कोणती? माझ्या पहिल्या नाण्याखाली अँटिओकची खूण आहे, म्हणजे ते आजच्या तुर्कस्तानात, सिरियाच्या सरहद्दीजवळ पडले. आणि सगळ्यात महत्त्वाचे, दरवाजाला कवाडे आहेत का? बहुतेक नाण्यांवर ती नसतात. नुसती कमान, आत पोकळी. फ्रान्समधल्या आर्ल या गावच्या टांकसाळीने मात्र काही नाण्यांवर उघडी कवाडे कोरली आहेत. तसले नाणे माझ्याकडे नाही.

छावणीच्या दरवाजाआधीही रोमनांनी तट काढले होते. ती नाणी मी फक्त पुस्तकांत पाहिली आहेत. सम्राट ऑगस्टसने लढाया संपल्यावर निवृत्त शिपायांसाठी स्पेनमध्ये इ.स.पू. 25 मध्ये एमेरिता नावाचे गाव वसवले, आजचे मेरिदा. तिथल्या चांदीच्या नाण्यावर गावचा तट, वेस आणि वेशीवर गावाचे नाव आहे. म्हातारपणी डोक्यावर छप्पर देतो, असा त्याचा अर्थ. क्लॉडियसच्या नाण्यावर दुसराच तट आहे. इ.स. 41 मध्ये कॅलिग्युलाचा खून झाला, तेव्हा राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांनी क्लॉडियसला उचलून आपल्या छावणीत नेले आणि सम्राट केले. त्याने प्रत्येकाला भरघोस बक्षीस दिले आणि नाण्यावर त्यांच्या छावणीची भिंत काढून वर लिहिले की सम्राटाचा स्वीकार झाला. ज्यांनी गादी दिली त्यांचे आभार त्याने नाण्यावरच मानले. पुढे 293 मध्ये चार जणांनी मिळून राज्य वाटून घेतले, तेव्हा चांदीच्या नाण्यावर चौघे जण तटाच्या दारात उभे राहून यज्ञ करताना दिसतात.

एमेरितात तट म्हणजे आसरा. क्लॉडियसकडे तट म्हणजे उपकाराची परतफेड. चौघांच्या नाण्यावर तट म्हणजे एकी. कॉन्स्टंटाइनकडे तट म्हणजे आश्वासन. दगड तेच, बोलणे प्रत्येकाचे वेगळे. पुढे 24 ऑगस्ट 410 रोजी अलारिकचे गॉथ रोममध्ये शिरले. तेव्हा शहराचा सालारिया दरवाजा आतूनच उघडला गेला, असे सांगतात.

तेर आणि तगर

रोमन नाणी सोलापूरच्या माणसाला इतकी परकी वाटू नयेत. बार्शीमार्गे दोन-अडीच तासांवर तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर, संत गोरा कुंभारांची समाधी असलेले. हेच जुने तगर. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्या समुद्राच्या वाटांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर आहे, आणि तिथून जाडेभरडे कापड, तलम मलमल गाड्यांतून भडोचला येते, असे तो लिहितो. म्हणजे आमच्या भागातले विणकर रोमन बाजारासाठी कापड विणत होते.

तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यातून आज तिथे शासकीय संग्रहालय उभे आहे. तेरला मातीची बिल्ले सापडली आहेत: रोमन नाण्याचा ठसा मातीत उमटवून, भाजून, दोरा ओवायला भोक पाडलेली. ज्यांना सोन्याचे नाणे परवडत नव्हते त्यांनी ते मातीत करून गळ्यात घातले. ही बिल्ले मला सम्राटांच्या सोन्याहून मोलाची वाटतात.

त्या पेरिप्लसमध्ये आणखी एक वाक्य आहे, ते मी दोनदा वाचले. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली तर स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो, असे तो व्यापारी नोंदवतो. दोन राज्ये, दोन नाणी, आणि मधल्या फरकावर जगणारा सराफ. माझ्या अब्बांच्या लहानपणापर्यंत सोलापूरच्या सराफ बाजारात नेमके हेच चालत होते. पण त्याआधी मधल्या काळातली एक गोष्ट सांगायला हवी.

लिहिलेला किल्ला

रोमनांनी तट काढला, आपल्या सुलतानांनी तो लिहिला. हिजरी 77 मध्ये, म्हणजे इ.स. 696-97 ला, खलिफा अब्दुल मलिकने नाण्यावरून चित्रे काढून टाकली आणि फक्त अक्षरे ठेवली. त्यानंतर बहुतेक मुस्लीम राजवटींचे नाणे हा लिहिलेला कागदच असतो. अकबराने राम-सीतेची नाणी पाडली, जहांगीराने बारा राशींची. पण हे अपवाद. एरवी किल्ला नाण्यावर येतो तो ‘ज़र्ब’ या शब्दामागून. ज़र्ब म्हणजे ठोकले. ज़र्ब परंडा, ज़र्ब दौलताबाद.

आमचा किल्लाही असा नाण्यावर आला. सोलापूर हा निजामशाही आणि आदिलशाही यांच्या मधला कायमचा तंट्याचा किल्ला. 1565च्या तालिकोटच्या लढाईआधी दोन घराण्यांनी सोयरीक केली, तेव्हा अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आंदणात सोलापूरचा किल्ला दिला. पुढे तो देण्याघेण्यावरून पुन्हा लढाया झाल्याच. 1685 मध्ये औरंगजेब विजापूर घ्यायला निघाला तेव्हा त्याचा तळ सोलापुरात होता. त्याच्या नावाचे चांदीचे रुपये आहेत, त्यावर ‘ज़र्ब शोलापूर’ असे आहे. तटाचे चित्र नाही, बुरूज नाही. पण ज्याच्या हाती टांकसाळ, त्याच्या हाती किल्ला, एवढे त्या एका शब्दात आले.

हैदराबादच्या चारमिनार रुपयाचे वैशिष्ट्य इथे कळते. तो रोमनांसारखे चित्रही काढतो आणि सुलतानांसारखे अक्षरही लिहितो. आणि ते अक्षर नेमके दरवाजाच्या पोकळीत, जिथे कवाड असायला हवे तिथे ठेवतो. 1857 पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे, निजाम स्वतःचे एखादे अक्षर कोपऱ्यात टाकून समाधान मानत. दिल्लीचा बादशहा गेल्यावर त्याचे नाव गेले, तिथे आसफजाह आले आणि 92 हा आकडा आला. अब्जद पद्धतीने मोजले तर मीम 40, हे 8, मीम 40, दाल 4, मिळून 92: मुहम्मद. शेवटी अर्धशतकाने ते कोपऱ्यातले अक्षर थेट चारमिनारच्या दारात येऊन बसले.

चारमिनार 1591 मध्ये महंमद कुली कुतुबशहाने बांधला. ती गावकुसाची वेस नाही. शहराच्या मधोमध, चार रस्त्यांवर, चारी बाजूंनी उघडा असा तो दरवाजा आहे. हैदराबादला नंतर तट झाला, त्याला दरवाजेही झाले. नाण्यावर मात्र त्यातला एकही आला नाही. आला तो कधीच बंद न होणारा.

सहा कलदार, सात हाली

सोलापूर इंग्रजी मुलखात आणि पूर्वेला थोडे गेले की निजामाचा मुलूख सुरू. तुळजापूर तिकडे, नळदुर्ग तिकडे, तेरही तिकडे. भवानीच्या दानपेटीत हाली पडायचा, सोलापूरच्या मोंढ्यात कलदार चालायचा. यात्रेकरू, कडबा विकणारा शेतकरी, गिरणीत कामाला येणारा मजूर, सगळ्यांना सराफाच्या पेढीवरून जावे लागे.

भाव होता सहा कलदाराला सात हाली. शंभर कलदार हवे तर 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजा. हा भाव कुणाच्या मर्जीचा नव्हता. कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा 91 हून थोडी जास्त. हाली 11.18 ग्रॅमचा, चांदी शेकडा 82 च्या आसपास. निव्वळ चांदीचा हिशेब केला तर एकात सुमारे 10.7 ग्रॅम, दुसऱ्यात 9.1. सातास सहा. सराफाचा काटा आणि राज्याचा हुकूम एकाच जागी येऊन थांबत होते.

सप्टेंबर 1948

माझे दादा-परदादा नळदुर्गच्या बाजूच्या एका कसब्यात विणकर होते. गावाचे नाव मी लिहीत नाही. तिथे अजून माणसे राहतात.

1947-48 चे ते वर्ष त्या मुलखाला वाईट गेले. रझाकारांनी गावेच्या गावे लुटली, माणसे मारली, आणि हजारो हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे आली. हे आपल्या घरात बोलताना काही जण आवाज खाली करतात. तसे करू नये. निजामाच्या राज्यात जे अत्याचार झाले ते झाले, आणि ते इस्लामचे नाव घेऊन झाले म्हणून आपण ते जास्त मोठ्याने सांगितले पाहिजेत.

13 सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची मुख्य तुकडी सोलापुरातून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले. इब्राहिम आदिलशहाचा पाणीमहाल असलेला, काळ्या दगडांचा तो प्रचंड तट. त्या दिवशी त्याने कुणाला अडवले नाही. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. संस्थान भारतात आले, ते यायलाच हवे होते.

त्यानंतरच्या दिवसांत खेड्यापाड्यांत जे झाले त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती फिरली. तिचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. कमीत कमी 27 हजार ते 40 हजार माणसे मारली गेली असा तिचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होते. म्हणजे आमचे.

दादी तेव्हा सतरा वर्षांची होती, लग्नाला वर्ष झालेले. तिने सांगितले ते एवढेच. शेजारी कोष्ट्याचे घर होते. त्या घरातल्या बाईने तिला, तिच्या सासूला आणि एका तान्ह्या पोराला मागाच्या खोलीत घेतले, बाहेरून कडी लावली आणि स्वतः दारात सूत गुंडाळत बसली. लोक आले. तिने सांगितले, आत कुणी नाही. दोन रात्री अशा गेल्या. तिसऱ्या रात्री तिच्या नवऱ्याने यांना कडब्याच्या गाडीत घालून सोलापूरच्या वाटेला लावले. परदादा गावातच राहिले होते. ते परत आले नाहीत.

लहानपणी मला ही गोष्ट एखाद-दुसऱ्या कुटुंबाचे नशीब वाटायची. पुढे सुंदरलाल समितीचा अहवाल वाचला. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवल्याच्या नोंदी त्यात आहेत. त्यातही एकाच धंद्यातल्या लोकांत ही आपुलकी जास्त दिसली. हिंदू विणकरांनी मुस्लीम विणकरांना, प्रसंगी स्वतःचा जीव गमावून, वाचवले, असे समितीने वेगळे नमूद केले आहे. ते वाचले त्या दिवशी मी पुढे काही वाचू शकलो नाही.

सोलापुरात आल्यावर दादीच्या सासूने कंबरेची पिशवी सोडली. तेवीस हाली रुपये होते. सराफाकडे ते बदलून घेतले. सातास सहा या भावाने ते वीसला थोडे कमी व्हायला हवेत, हातात किती पडले ते दादीला आठवत नव्हते. एक मात्र तिने लपवून ठेवला. हाली पुढे 1959 मध्ये कायमचा बंद झाला. तोपर्यंत हवा तेव्हा तिला तो बदलता आला असता. तिने बदलला नाही.

कवाडे कुठे आहेत?

मी एका शाळेत इतिहास शिकवतो. दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला ही नाणी दाखवायला नेली. मुलांनी कॉन्स्टंटाइन हातात घेतला, क्रिस्पस घेतला, शेवटी दादीचा रुपया घेतला. मागे उभे असलेले एक सहकारी हळू आवाजात म्हणाले, “सर, निजामाचं कशाला दाखवता मुलांना? रझाकारांचं नाणं ते.” बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. मी म्हणालो, “सर, रझाकारांच्या खिशातही हेच होतं आणि ज्यांना त्यांनी लुटलं त्यांच्या खिशातही हेच होतं.” ते काही बोलले नाहीत.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, या दरवाजाला कवाडं कुठंयत? मग चोर आला तर?”

मी त्याला नाणे-अभ्यासकांचे उत्तर द्यायला निघालो होतो: चारमिनार ही वेस नव्हे, रोमन छावणीच्या दरवाजाला कवाडे का काढत नसत, वगैरे. ते माझ्या तोंडातून निघेना. मी त्यांना कोष्ट्याच्या घरातल्या बाईची गोष्ट सांगितली. कॉन्स्टंटाइनने लाखो नाण्यांवर लिहिले की मी तुम्हाला राखतो. उस्मान अली खानांनी दरवाजात आपले अक्षर बसवले. ज्या दोन रात्री प्रश्न आला त्या रात्री राखले ते साध्या सागवानी दाराने, बाहेरच्या कडीने, आणि दारात बसून खोटे बोलणाऱ्या एका बाईने. तिचे नाव कोणत्याही नाण्यावर नाही, आणि दादीने ते मला कधी सांगितलेही नाही; ती तिला नुसते ‘अक्का’ म्हणायची.

आठवड्याने ते सहकारी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आले. खिशातून रुमाल काढला, रुमालात एक रुपया. त्यांची आजी तुळजापूरकडची. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात हा रुपया ताटात असतो, म्हणाले, पण यावर काय लिहिले आहे ते घरात कुणाला वाचता येत नाही. तेवढे वाचून द्या.

मी उजेडात धरला. निज़ामुल्मुल्क आसफजाह बहादुर, मागे यक रुपिया, ज़र्ब फर्खुंदा बुनियाद हैदराबाद. समोर चारमिनार, कमानीत ऐन. माझ्या रुपयावर जो आकडा झिजला आहे तो त्यांच्या रुपयावर शाबूत होता. मी त्यांना हिजरी सन वाचून दाखवला, इसवी सन काढून कागदावर लिहून दिला. दरवाजाच्या पोकळीत, ऐनाच्या पोटात, वर्षानुवर्षांचे कुंकू साचून घट्ट झाले होते. ते काढायला मी सुई घेतली नाही. रुपया रुमालात बांधून परत दिला.